उजवं-डावं

मढवीच्या दुकानातून दोन महिन्यांत
चार इअरफोन आणले, तीन परत केले.
तो कुरकुरला नाही. एवढंच म्हणाला,
"ताई, एवढ्या पैशात तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?"

जलतरंग ऐकायचं होतं.
वाशीच्या एका लहानशा हॉलमध्ये कुणी वाजवलेलं,
भाच्यानं प्लेअरमध्ये भरून दिलेलं.
चिनी मातीच्या सतरा वाट्या, दोन काड्या, साथीला तबला,
आणि बाराव्या मिनिटाला
सगळ्यात लहान वाटीवर एकच टोला.
तो ज्यात नीट वाजेल तो इअरफोन चांगला,
अशी माझी परीक्षा.

वही केली. सिलेंडरच्या तारखा लिहिते त्याच वहीची मागची पानं.
काळा, तीनशे नव्याण्णव: तबला भिजल्या पोह्यासारखा फुगलेला.
लाल, साडेचारशे: स्वच्छ, पण लांबून,
पलीकडच्या सेक्टरात कुणाचं लग्न असावं तसं.
पांढरा: तारच तुटली, शेरा नाही.
तांबूस, नऊशे: हा वेगळा.
बोट शाईवर टेकतं आणि उचलतं,
त्यामधली जागासुद्धा ऐकू येते.
भाच्याचा नवा प्लेअर: गोड, जरा जास्तच गोड.
माझा जुना, बटणं झिजलेला: खरा, पण मागे सतत सूंऽऽ.

ती सूं फक्त उजवीकडे.
डावीकडे शांतता, म्हणून डाव्याला पैकीच्या पैकी.
वाटीही फक्त उजवीकडे,
म्हणून डाव्याला शून्य.
दोन्ही शेरे मीच लिहिलेत, एकाखाली एक,
आणि मला काही खटकलं नाही.

मढवीनं पाचवी जोडी काढलीच नाही.
तांबूस जोडी काचेवर ठेवली, बोटानं फिरवली,
"आता उजवा डाव्यात घाला, डावा उजव्यात."

सूं उजवीकडेच.
वाटी उजवीकडेच.
बाहेर रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून भांडत होता,
तोही, लक्ष दिलं तर, उजवीकडेच जास्त.

"कुठं कामाला?"
महाप्याला. पत्र्याचे डबे.
एकोणीस वर्षं प्रेस माझ्या डाव्या हाताला,
मिनिटाला बावन्न झाकणं.
कानात घालायला कंपनी कापूस द्यायची.
चांगला कापूस होता.
मी घरी नेऊन वाती वळल्या.

मढवी म्हणाला, प्लेअरमध्ये तोल असतो, डावीकडे सरकवू?
सरकवला. डावीकडे तबला वाढला,
वाटी नाही.
जी उंबऱ्यातच येत नाही
तिला पाट मोठा मांडून काय.
मी नऊशे रुपये मोजले. त्यानं पन्नास परत दिले,
कशाबद्दल ते बोलला नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत
डावा शमीमच्या कानात दिला, उजवा माझ्या.
पॅकिंगमधून प्रेसवर येऊन तिला महिनाही नाही.
बारावं मिनिट.
"काय येतंय?"
तिनं घास तसाच गालात धरला.
"बारीक काहीतरी. स्टीलच्या ताटलीत
खडीसाखरेचा खडा टाकावा ना, तसं.
आणि मग... थांब, अजून संपलं नाही."
माझ्याकडे संपलं होतं.
माझ्या चांगल्या कानात.

वहीत डाव्यापुढचं शून्य खोडलं,
लिहिलं: खडीसाखर.
शमीमला म्हटलं, कंपनीचा कापूस वातींना नेऊ नकोस.
ती म्हणाली, आमच्यात कुठं वाती असतात?
म्हटलं, मग बरंय.